आधी टायर बघा, मग डेकला शिव्या द्या

आज जरा वैतागून लिहितोय, आधीच सांगतो.

अमेरिकेत एप्रिल-मे उजाडला की देशी मंडळींच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. "आमचा मोअर एका बाजूला पार खरवडतो आणि दुसऱ्या बाजूला नुसता वरवर फिरतो, काय करावं?" मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. एक म्हणतो डेक वाकला असणार. दुसरा म्हणतो विकून टाक, झीरो टर्न घे, मस्त सेल लागलाय. तिसरा म्हणतो आमच्याकडे माणूस येतो दर आठवड्याला, तू कशाला नसत्या भानगडीत पडतोस. टेबलाभोवती आठ-दहा इंजिनिअर, निम्म्यांकडे दोन-दोन डिग्र्या. आणि एकालाही साधा प्रश्न विचारावासा वाटत नाही: टायरमध्ये हवा किती आहे?

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. रायडिंग मोअर म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, दिसायला छोटा ट्रॅक्टर. त्याच्या पोटाखाली लोखंडी पत्र्याची एक मोठी उलटी परात टांगलेली असते, तिला डेक म्हणतात. ४२ इंची डेकच्या आत बहुधा दोन पाती गरगर फिरत असतात. आता 'टांगलेली' हा शब्द नीट लक्षात ठेवा. डेक गाडीच्या सांगाड्याला टांगलेला, आणि सांगाडा चार टायरांवर उभा. मागचा एक टायर हवा कमी होऊन अर्धा इंच बसला की सांगाडा कलतो, आणि त्याच्याबरोबर बिचारा डेकही कलतो. मग गवतावर प्रत्येक फेरीच्या कडेला पायरी उमटते. बघणारा म्हणतो, डेक खराब. अहो, डेक जागच्या जागी आहे, जमिनीचं आणि त्याचं नातं बिघडलंय!

याच्यापुढे जे होतं त्याने माझ्या डोक्यात तिडीक जाते. कोणीतरी उत्साही वीर पाना घेऊन डेकच्या बाजूचा नट पिळतो. दोन फेऱ्या मारून बघतो, अजून थोडा पिळतो. शेवटी गवत बरं दिसायला लागतं. झालं, जिंकलो! पंधरा दिवसांनी कोणीतरी टायरमध्ये हवा भरतो आणि डेक बरोबर उलट्या बाजूला वाकडा. म्हणजे काय केलं? इनपुट चुकीचं होतं, ते तसंच ठेवून आउटपुट बरं दिसेपर्यंत कोडमधले आकडे बदलले. ऑफिसात ज्युनिअरने असा पॅच पाठवला तर आपण त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढू. 'रूट कॉज' हा शब्द मीटिंगमध्ये दिवसातून वीसदा वापरणारी माणसं शनिवारी सकाळी तो पार विसरतात.

खरा क्रम इतका सोपा आहे की सांगायलाही संकोच वाटतो. मोअर सपाट फरशीवर घ्या, गॅरेजची चालेल. इंजिन बंद, किल्ली बाहेर, स्पार्क प्लगची वायर काढलेली, हातात जाड मोजे. यात सवलत नाही, बोटं दहाच असतात. मग चारही टायरची हवा गेजने मोजा. बऱ्याच घरगुती मॉडेलांत पुढे १४ आणि मागे १० पीएसआयच्या आसपास असते, पण आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. डावा-उजवा सारखा हवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

नाही मिटली तर डेकच्या आत वाळून बसलेला गवताचा थर खरवडून काढा. मग पातं बघा. पात्याचं एक टोक बाजूला करून जमिनीपासूनची उंची मोजा, पातं अर्धा फेरा फिरवा, दुसरं टोक त्याच जागी आणून पुन्हा मोजा. एक अष्टमांश इंचापेक्षा, म्हणजे साधारण तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पातं वाकलंय किंवा ते ज्या दांड्यावर फिरतं तो गेलाय. वाकलेलं पातं ठोकून सरळ करायचं नाही, नवीन घालायचं. आणि गवताची टोकं कापल्यासारखी न दिसता फाटून तपकिरी पडत असतील तर तो डेकचा दोषच नाही, पात्याला धार नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तरच नटाला हात लावायचा अधिकार तुम्हाला मिळतो. डाव्या पात्याचं बाहेरचं टोक आणि उजव्या पात्याचं बाहेरचं टोक, दोन्ही उंची मोजा. फरक तीन मिलिमीटरच्या आत आणा. मग पुढची-मागची. पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली हवी, मॉडेलप्रमाणे एक अष्टमांश ते पाव इंच. म्हणजे गवत पुढे एकदा कापलं की मागून जाणारं पातं तेच पुन्हा घासत बसत नाही. झालं. हवेचा गेज, एक पट्टी, दोन पाने आणि एक तास.

इथे हमखास एक शहाणा म्हणतो, "माझ्या तासाची किंमत बघता माणूस बोलावणं स्वस्त पडतं." हा हिशोब मला कधीच पटलेला नाही. शनिवारी सकाळी दहा वाजता तुम्हाला त्या तासाचे पैसे कोण देणार होतं? आणि हेच महाशय नवीन मोअरचे रिव्ह्यू वाचण्यात चार शनिवार घालवतात! बेअरिंग गेलं असेल, डेकला तडा असेल, तर जरूर माणूस बोलवा. पण हातात मापं घेऊन बोलवा. "वाकडं कापतंय, बघा काय ते" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नवीन डेक विकणं सोपं असतं.

खरं कारण वेळ नाही आणि पैसाही नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी एक वाक्य ऐकलंय: "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजमध्ये हात काळे करत बसशील." ती धमकी होती. आपण अभ्यास केला, इंजिनिअर झालो, आणि हात काळे होणं म्हणजे हरणं हे मनात कायमचं बसलं. त्या गॅरेजमधला सोळा वर्षांचा पोरगा मात्र गाडी एका बाजूला ओढते म्हटल्यावर पहिली हवा बघतो. गवंडी भिंतीला नावं ठेवण्याआधी ओळंबा सोडतो. मोजल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आपण कॉलेजात शिकलो आणि ते कामावर शिकले. फरक एवढाच की ते विसरले नाहीत.

तिकडे शेतकरी आपलं यंत्र आपण दुरुस्त करता यावं म्हणून भांडतायत. कोलोरॅडोने २०२३ साली शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच विषयावर जॉन डिअरवर खटला भरला. त्यांना सॉफ्टवेअरचं कुलूप आडवं येतं. तुमच्या डेकच्या नटाला कुठलं कुलूप आहे? पासवर्ड नाही, लायसन्स नाही. हक्क घरात पडलाय आणि वापरायची लाज वाटते!

आपण दसऱ्याला यंत्रांची पूजा करतो, इथे परदेशातही. मोअरलासुद्धा हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं. नवीन गाडी आली की टायरखाली लिंबू न चुकता ठेवतो. माझा पूजेला अजिबात विरोध नाही. फक्त लिंबू ठेवायला वाकलाच आहात तर त्याच टायरची हवाही बघा. यंत्राचा मान तोच राखतो जो त्याच्या पोटाखाली डोकावतो.

असो. या शनिवारी गेज आणा.