विंडोज १०ची मुदत संपली. आता अँटीव्हायरस फुकटचा ठेवायचा की विकत घ्यायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. ज्यांचा घरचा कॉम्प्युटर विंडोज ११ चालवण्याइतका नवा नाही, त्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'एक चांगला पेड अँटीव्हायरस टाका, टेन्शन मिटलं.'

खरंच मिटतं का?

अँटीव्हायरस म्हणजे सोसायटीचा वॉचमन. संशयास्पद फाईल दिसली की तो अडवतो. विंडोजचं सुरक्षा अपडेट म्हणजे मोडलेलं कुलूप बदलणं. मे २०१७मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, फायली लॉक करून त्याने खंडणी मागितली. तो ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. ते न टाकलेले कॉम्प्युटर सापडले.

त्यामुळे विंडोज १० वापरणाऱ्यांनी आधी कुलपाचं बघायला हवं. घरगुती कॉम्प्युटरसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये तिची नोंदणी होते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला, तर पैसेही पडत नाहीत.

आता वॉचमन. तो आधीपासूनच कॉम्प्युटरमध्ये आहे. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून डिफेंडर विंडोजसोबतच येतो. सुरुवातीला त्याची चेष्टा व्हायची आणि ती रास्तही होती. पण एव्ही-टेस्ट या जर्मन संस्थेच्या चाचण्यांत गेली काही वर्षं तो नावाजलेल्या विकतच्या अँटीव्हायरसच्या बरोबरीने गुण मिळवतोय. विंडोज १०वरही डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळत राहणार आहे. दुसरा अँटीव्हायरस टाकला, की डिफेंडर आपणहून बाजूला होतो.

मग डिफेंडर सोडून दुसरा फुकटचा अँटीव्हायरस टाकायचा कशाला? इथे जरा थांबायला हवं, कारण त्या फुकटचं बिल कुणीतरी भरत असतंच. अ‍ॅव्हास्टचं प्रकरण आठवा. वापरणारे कोणकोणत्या वेबसाइट बघतात याची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात होती. जानेवारी २०२०मध्ये पत्रकारांनी हे उघड केल्यावर जम्पशॉट बंद झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने १३५ कोटी रुपयांहून जास्त भरायला लावले. पाळत रोखण्यासाठी घेतलेलं सॉफ्टवेअरच पाळत ठेवत होतं!

आणखी एक गंमत. फुकट मिळणारे अ‍ॅव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि विकतचा नॉर्टन हे चारही आज जेन डिजिटल या एकाच कंपनीचे आहेत. त्यामुळे फुकटच्या अँटीव्हायरसमध्ये सारखी 'अपग्रेड करा' अशी खिडकी उघडते, याचं नवल वाटायला नको.

विकतच्या पॅकेजमध्ये बहुतेकदा जास्तीच्या गोष्टींचे पैसे असतात: व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, मुलांच्या वापरावर लक्ष, चार-पाच मोबाइल-लॅपटॉपना एकच लायसन्स, अडलं तर फोनवर मदत. यातलं काही खरोखर लागत असेल, तर जरूर घ्यावं. मात्र पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी अनेकदा नसते आणि कार्डवरून पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान २४ तास आधी तसा मेसेज येतो. तो वाचायचा असतो.

यातलं काहीच लागत नसेल, तर डिफेंडर पुरतो. वाचलेले पैसे एक्स्टर्नल हार्ड डिस्कला लावलेले बरे. फोटो-कागदपत्रांची कॉपी घेऊन ती कॉम्प्युटरपासून काढून ठेवली, की खंडणीवाल्यांचा हात तिथवर पोहोचत नाही.

आणि काही ठिकाणी कुठलाच वॉचमन उपयोगाचा नाही. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत 'आधी अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना येते आणि लोक तो स्वतःच्या हाताने बंद करतात. 'तुमचा अँटीव्हायरस रिन्यू झाला, पैसे परत हवे असतील तर या नंबरवर फोन करा' असा खोटा ईमेल येतो. फोन केला, की पलीकडचा माणूस स्क्रीन शेअर करायला सांगतो. अशा फोनमध्ये पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायचं. जितक्या लवकर तक्रार, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.