पेटी उघडता आली पाहिजे

अकोल्याचा मे महिना, पारा ४५ अंशांपुढे. ऐन लग्नपत्रिकांच्या हंगामात माझ्या डीटीपीच्या दुकानातला तयार घेतलेला संगणक बंद पडला. जळला होता फक्त एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. पण त्याचा आकार आणि पिना त्या कंपनीपुरत्याच; बाजारातला साधा डबा त्यात बसेना. बारा दिवस काम अडलं.

पुढचा संगणक मी अमरावतीहून सुटे भाग आणून स्वतः जोडला. मोठं कॅबिनेट, समोर हवा आत ओढणारे दोन पंखे, मागे एक बाहेर फेकणारा, धुळीसाठी जाळी. काटकसर केली ती प्रोसेसरवर, एसएमपीएसवर नाही. तो '८० प्लस' शिक्क्याचाच घेतला: पूर्ण भारावरही किमान ८० टक्के वीज कामी येते, तितकी उष्णता कमी. आपल्या वऱ्हाडात हाच हिशेब आधी मांडावा.

एकाच ठिकाणची वॉरंटी हवी असेल त्यानं तयार संगणक खुशाल घ्यावा. फक्त आतले भाग बाजारात मिळतात का, हे दुकानदाराला कॅबिनेट उघडायला लावून बघावं. मी जोडलेली पेटी उघडता येते, म्हणूनच माझ्या पोरीनं दहावीच्या सुटीत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली, रॅमही बसवली. रॅम खाचेत खट्कन बसली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.