धूमावांचून अग्नि

नैयायिकांचा सिद्धान्त असा कीं, धूम दिसला म्हणजे वह्नि असलाच पाहिजे. परंतु वह्नि आहे म्हणून धूम असेलच, असें मात्र नाहीं. ह्याला ते तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देतात. आमच्या घुग्घुसांत हा दाखला पटण्यास कठीण! कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, स्पाँज लोखंडाच्या भट्ट्या आणि पलीकडे चंद्रपूरचें २,९२० मेगावॅटचें औष्णिक विद्युत्केंद्र. सकाळीं वाळत घातलेलें धोतर संध्याकाळीं पांढरें राहिलें तर नवल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत केली, ती उगाच नव्हे. एवढें सोसून पदरांत काय पडतें? कोळशापासून वाफ, वाफेनें चक्र आणि चक्रापासून वीज, ह्या प्रवासांत उष्णतेचा सुमारें एक तृतीयांश भागच विजेच्या रूपानें हातीं लागतो.

इंधन न पेटवितां त्यांतील शक्ति थेट विजेंत उतरविणाऱ्या साधनास इंधनघट म्हणतात. विल्यम ग्रोव्ह ह्यानें १८३९ सालींच तो करून दाखविला. पुण्यास ऑगस्ट २०२२ मध्यें जी हैड्रोजनची बस दाखविण्यांत आली, तींतही इंधनघटच होता; पण तो पातळ पटलाचा, सौम्य उष्णतेचा व शुद्ध हैड्रोजन मागणारा. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्याच्या भट्टींत वाढलेल्या भावंडाविषयीं, म्हणजे घन ऑक्साइड इंधनघटाविषयीं. तो सहाशें ते हजार अंशांच्या उष्णतेंत काम करतो, आणि कोळशापासून काढलेला वायुही त्यास चालतो.

त्याचे मुख्य थर तीन. मधला झिर्कोनियाचा, चिनी मातीसारखा घट्ट भाजलेला. हवेंतील प्राणवायूचे परमाणु विद्युद्भार घेऊन ह्या थरांतून पलीकडे जातात, इंधनाशीं संयोग पावतात व भार तेथें सोडतात. तो भार बाहेरच्या तारेनें परततो, तीच वीज. भाजलेल्या मातींतून परमाणु जातील कसे, असें कोणी विचारील. झिर्कोनियांत शेंकडा आठ रेणु ह्या प्रमाणांत इट्रिया मिसळतात. इट्रियमची प्राणवायु धरण्याची शक्ति कमी; त्यामुळें कांहीं जागा रिकाम्या राहतात, आणि एका रिकाम्या जागेंतून दुसरींत उडी घेत परमाणु पुढें सरकतो. बावर व प्राइस यांनीं असा घट १९३७ सालीं चालवून दाखविला.

मग घोडें अडलें कोठें? सामग्रीपाशीं. थंड बरणींत कढत पाणी ओतलें तर ती तडकते, हें गृहिणींस सांगावयास नको. येथें तर तीन निरनिराळे पदार्थ एकमेकांस चिकटवून एकाच आंचेवर ठेवावयाचे. एक थोडा अधिक फुगला कीं दुसऱ्यास भेग पडलीच! एकत्र कुटुंबाचीच अडचण म्हणा ना. इंधनाच्या बाजूस निकेल उत्तम. परंतु तें झिर्कोनियापेक्षां पुष्कळ अधिक फुगतें, म्हणून त्यांत झिर्कोनियाचेच कण मिसळून त्याला आवरावें लागतें. हवेच्या बाजूस निकेल गंजून जाईल. तेथें लँथॅनम, स्ट्राँशियम व मँगॅनीज यांचें ऑक्साइड घालतात. एका घटापासून एक व्होल्टही पुरता मिळत नाहीं, म्हणून घटांची उतरंड रचावी लागते, आणि मधल्या तबकड्या क्रोमियमयुक्त पोलादाच्या केल्या तर क्रोमियमची वाफ हवेकडील थर बिघडविते. ह्या सामग्रीवर आपल्याकडे कोलकात्याच्या केंद्रीय कांच व मृत्तिका संशोधन संस्थेनें बरेंच काम केलें आहे.

आमच्या कोळशाचें काय, हा प्रश्न घुग्घुसकरांस सुटणें कठीण. कोळसा ह्या घटांत जसाच्या तसा घालून भागत नाहीं. प्रथम त्याचा वायु करावा लागतो, आणि त्यांतील गंधक कसून काढावा लागतो. तो अत्यल्प उरला तरी निकेल निकामी होऊं लागतें. कर्बाम्ल वायु तर ह्या वाटेनेंही निघणारच. पण घटांत इंधन व हवा एकमेकांत मिसळत नसल्यामुळें तो हवेंतील नत्रवायूनें पातळ झालेला नसतो. वाफ निववून पाणी वेगळें केलें कीं तो एकत्र धरून ठेवणें, धुराड्यांतून धरण्यापेक्षां, बरेंच सुकर होतें.