कर्जाची गाडी आणि आपला सदका

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या जमातीच्या बैठकीत एका भावाने अर्ज दिला. शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी त्याने कर्ज काढून व्हॅन घेतली होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि व्हॅन दारात उभी राहिली. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती, पण त्या काळातही व्याज चालूच होते. ऑगस्टअखेर सवलत संपली, शाळा मात्र बंदच होत्या. हप्ते थकले, वसुलीवाले दारात येऊ लागले. अर्जात त्याने लिहिले होते की ही व्हॅन मी मय्यतीची गाडी म्हणून अल्लाहच्या वाटेत जमातीला देतो.

बैठकीत सगळे हेलावले. आमच्याकडे मय्यतीसाठी गाडी नव्हती आणि कोरोनाच्या त्या दिवसांत तिची गरज काय असते ते प्रत्येकाने पाहिले होते. एका चाचांनी तर लगेच दुआला हात उचलले. मी विचारले, "कर्ज फिटलंय का?"

तो म्हणाला, "भाईजान, फिटलं असतं तर गाडी देऊन मी खाल्लं काय असतं? फायनान्सवाले उचलून नेणारच आहेत. मशिदीच्या दारात उभी असली तर हात लावायला कचरतील. गाडी वाचेल आणि मला सवाब मिळेल."

तो खोटे बोलत नव्हता, म्हणूनच त्याचे उत्तर मला जास्त लागले. मी विरोध केला आणि गाडी घेऊ नये असे ठरले. विरोधाची कारणे आजही मला बरोबर वाटतात. आधी ती सांगतो, मग आमचे काय चुकले ते सांगतो.

कर्जावर घेतलेली गाडी आपल्या नावावर असते, पण आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा चढलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय ती दुसऱ्याच्या नावावर होत नाही. कर्ज फिटले की एनओसी आणि फॉर्म ३५ मिळतो, आरटीओत बोजा उतरतो, मगच गाडी खऱ्या अर्थाने मोकळी होते. त्याआधी ती 'दिली' तरी कागदावर मालक तोच राहतो. उद्या त्या गाडीने अपघात केला, तर भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणजे सवाबाच्या आशेने दिलेली गाडी त्याच्या गळ्यात दुसरे कर्ज बांधू शकली असती.

शरीअतही याहून वेगळे सांगत नाही. गहाण ठेवलेली वस्तू गहाणदाराच्या परवानगीशिवाय दान करता येत नाही. खयानतीच्या मालातून दिलेला सदका कबूल होत नाही, असे हदीसमध्ये आले आहे. कर्ज फेडणे फर्ज आहे आणि नफिल सदका त्याच्यानंतर येतो. हा क्रम उलटा केला तर आपण अल्लाहला दुसऱ्याच्या खिशातले देतो.

बैठकीत एकाने विचारले, "व्याज तर हराम आहे, मग बँकेचे बुडाले तर कसला गुन्हा?" हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांत नेहमी ऐकू येतो. व्याजावर कर्ज घेतले ही चूक असेल तर तिची तौबा वेगळी आहे. मुद्दल बुडवणे म्हणजे ती तौबा नव्हे. कागदावर सही आपण केली आहे आणि केलेले करार पाळा, हा हुकूम सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. समोरचा मुसलमान नाही किंवा समोर माणूस नसून कंपनी आहे, म्हणून तो हुकूम हलका होत नाही. काही बँका मुस्लिम वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' मानून कर्ज नाकारतात, अशी नोंद सच्चर समितीने २००६ च्या अहवालात केली होती. तो अन्याय आहेच. पण त्याच्याविरुद्ध बोलताना आपली सही स्वच्छ असली पाहिजे.

इथपर्यंत मी बरोबर होतो. बैठक संपली, आम्ही उसूल पाळल्याच्या समाधानात घरी गेलो. तो भाऊ अर्जाचा कागद घडी करून खिशात घालून गेला. त्याच्या मागे कोणी गेले नाही. मीही नाही.

दीड महिन्याने जोहरच्या नमाजनंतर चार जण आले आणि मशिदीच्या गल्लीतूनच व्हॅन घेऊन गेले. ऑक्टोबरमध्ये शाळा टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या, तेव्हा पालक त्याला फोन करत होते आणि त्याच्याकडे गाडी नव्हती. पुढे लिलाव झाला. लिलावात कर्जापेक्षा जास्त रक्कम आली तर उरलेले पैसे कर्जदाराचे असतात, कमी आली तर फरक त्याने भरायचा असतो. त्याची व्हॅन कमी किमतीत गेली. गाडी गेली तरी कर्ज उरले आणि फरकाच्या रकमेची नोटीस आली, ती रमजानच्या तोंडावर.

त्याच रमजानमध्ये आमच्या जमातीतून दूरदूरच्या मदरशांच्या पावत्या फाटत होत्या. मीही दोन फाडल्या. त्या रात्री मला जनाज्याची ती हदीस आठवली. रसूलुल्लाह (स.) यांच्यासमोर एक मय्यत आणली गेली, तिच्यावर दोन-तीन दिनारांचे कर्ज होते. आपण नमाज पढवणार नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले आणि मग नमाज झाली. आपल्याकडे कर्जाच्या बयानात ही हदीस हमखास सांगतात, पण बहुधा अर्धीच. पुढे हाती साधने आली, तेव्हा कर्ज मागे ठेवून मरणाऱ्या मोमिनाचे कर्ज माझ्यावर, असे त्यांनी स्वतः जाहीर केले. नकार देणारे आणि ओझे उचलणारे तेच होते. आम्ही नकार तेवढा घेतला.

जकातीचे आठ हकदार सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत मोजून सांगितले आहेत. त्यांत 'गारिमीन', म्हणजे कर्जाखाली दबलेले, यांचे नाव स्पष्ट आहे. आपल्या जमातीच्या हिशेबवहीत या रकान्यात गेल्या दहा वर्षांत किती रक्कम पडली, हे प्रत्येकाने एकदा उघडून पाहावे. आमच्या वहीत मला तो रकानाच सापडला नाही.

शेवटी आम्ही सहा जणांनी जकात एकत्र करून त्या भावाचा फरक मिटवला आणि खाते बंद झाल्याचे कंपनीकडून लेखी घेतले. आज तो दुसऱ्याची व्हॅन पगारावर चालवतो. हेच सहा जण पावसाळ्यात, बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्या घरी गेले असते तर थकलेले हप्ते भरता आले असते. ती रक्कम या फरकापेक्षा कमी होती. आणि आज तो स्वतःची गाडी चालवत असता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. कर्जाची गाडी कोणी दान द्यायला आणली तर घेऊ नका, पण त्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. दान द्यायला आलेला तो माणूस खरे तर मदत मागायला आलेला असतो, त्याला मागण्याची लाज वाटते. त्याच्याबरोबर फायनान्स कंपनीत जा, हप्ते लांबवून मागा. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, हे त्याला सांगा. गाडी झेपतच नसेल तर कंपनीच्या संमतीने ती चांगल्या भावात विकायला मदत करा, लिलावाची वाट पाहू नका. जमातीला खरेच गाडी हवी असेल तर वर्गणी काढून रीतसर विकत घ्या, म्हणजे त्याचे कर्ज फिटेल आणि मय्यतीची गाडीही मिळेल. आम्हाला तेव्हा हे सुचले नाही.

येत्या रमजानच्या आधी आमच्या वहीत तो रकाना आखायचे ठरले आहे. पहिल्या ओळीत कोणाचे नाव येईल ते अजून माहीत नाही. पण नाव येण्यासाठी कोणाला आपली गाडी दान देण्याचा अर्ज लिहावा लागू नये.