अटीची ओळ कोण लिहितो?

भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींच्या आसऱ्याने मराठवाड्यातून आलेली आपली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी मात्र मूळ गाव गाठावे लागते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. अशी किती मुले अडली आहेत? हे मोजण्यासाठी आम्ही मोबाईलवर भरायचा पाहणीचा फॉर्म तयार केला आणि पहिल्याच वस्तीत तोंडावर पडलो.

धर्म आणि प्रवर्ग आम्ही एकाच यादीत टाकले होते. 'बौद्ध' निवडले की 'अनुसूचित जाती' हातची जात होती! शिवाय कोणी 'बौद्ध' लिहिले, कोणी 'बौध्द', कोणी 'नवबौद्ध'. संगणकाने तीन समाज मोजले. एका घरातल्या पाच माणसांच्या दाखल्यांसाठी जागा एकच.

लाइमसर्व्हे हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते आपल्या सर्व्हरवर बसवता येते आणि प्रश्नाच्या मागे जावास्क्रिप्टच्या स्वतःच्या ओळी लिहिता येतात. वस्तीतल्याच अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने त्या लिहिल्या. आता घरात जितकी माणसे तितक्या ओळी उघडतात. माणसाने उच्चारलेला शब्द तसाच राहतो, बेरीज मात्र एकत्र होते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की या ओळी मोडू शकतात, म्हणून छापील कागद आम्ही पिशवीत ठेवतोच.

पण खरी अट कायद्याची होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती मुख्यतः हिंदूंत होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे लागली. आमच्या फॉर्ममध्ये हा सारा इतिहास एका ओळीत मावला: धर्म हिंदू, शीख किंवा बौद्ध असेल तर पुढचा प्रश्न उघडा. त्या ओळीतून एक शब्द गळला तर संसदेने दिलेले कोणा पोराच्या चुकीने जाते, आणि चर्चाही होत नाही. राजपत्रात न छापलेला कायदाच तो.

जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचे सर्वेक्षण असेच ॲपवर झाले, दीडशेहून अधिक प्रश्नांचे. कोणत्या उत्तरावर कोणता प्रश्न बंद होतो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? २०२७ ची जनगणनाही मोबाईलवरची, स्वतः माहिती भरण्याची सोय असलेली आणि सर्वांची जात नोंदवणारी म्हणून जाहीर झाली आहे. १९३२ साली लोथियन समितीपुढे प्रांतोप्रांती अस्पृश्यांची संख्याच कमी दाखवली जात होती, तेव्हा बाबासाहेब समितीत बसून त्या आकड्यांशी भांडले. आज समितीत बसायचे तर ती अटीची ओळ वाचता आली पाहिजे.

ॲपचा मूळ कोड व्यापारी गुपित म्हणून नाकारतील. नाकारू द्या! प्रश्नांच्या अटी साध्या मराठीत सांगणे हे गुपित नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार त्या आपणहून जाहीर करा, असा अर्ज प्रत्येक तालुक्यातून जायला हवा. आमच्या फॉर्मच्या सगळ्या अटी आम्ही कागदावर छापून विहाराच्या भिंतीवर लावल्या आहेत. चूक दिसली तर पेनाने तिथेच लिहा. जयभीम.