बाहुली की सुरी?

परवा रात्री ओटा आवरून बाहेर आले, तर कॉलेजात जाणारे आमचे चिरंजीव 'किक-अ‍ॅस' नावाचा इंग्रजी सिनेमा लावून बसलेले. २०१० सालचा, दिग्दर्शक मॅथ्यू व्हॉन. "आई, बस गं पाच मिनिटं," म्हणाला. बसले, ती शेवटपर्यंत उठलेच नाही!

त्यात जांभळ्या केसांचा टोप आणि डोळ्यांवर मुखवटा घातलेली 'हिट-गर्ल' आहे. वय अवघं अकरा. दैवी शक्ती वगैरे काही नाही, सगळी तालमीची कमाई. एकटी गुंडांची टोळी लोळवते. तोंडात शिव्या तर अशा, की मी कानांवर हात ठेवले. पण खोटं कशाला बोलू? एवढीशी पोर कुणाला भीत नाही, हे बघून मनातून बरंही वाटलं.

एक प्रसंग मात्र डोक्यातून जाईना. बाप लेकीला गोळी न शिरणारं जाकीट घालायला लावतो आणि तिच्या छातीवर गोळी झाडतो. का, तर भीती मोडावी म्हणून! बक्षीस काय, तर आइस्क्रीम. वाढदिवसाला काय हवं, असं विचारल्यावर ती कुत्र्याचं पिल्लू आणि बाहुली मागते. बापाचा चेहरा उतरतो. मग तीच हसून म्हणते, गंमत केली, मला सुरी हवी.

मैत्रिणींनो, हा बाप दुष्ट नाही. लेकीवर त्याचा जीव आहे. खोट्या आरोपात तुरुंगात गेला, बायको गमावली. पण सूड त्याचा आणि बालपण गेलं लेकीचं, त्याचं काय?

ही भूमिका करणारी क्लोई ग्रेस मोरेत्झ चित्रीकरणाच्या वेळी खरोखरच अकरा वर्षांची होती. सिनेमा आला तेव्हा तेरा. ब्रिटनमध्ये तो पंधरा वर्षांखालच्यांना बंद, म्हणजे तिथे तिला स्वतःचाच सिनेमा बघता आला नसता! तिच्या तोंडच्या भाषेवरून गदारोळही झाला. त्यावर ती म्हणाली होती, की यातला एक शब्द जरी घरी उच्चारला, तर मला कित्येक वर्षं खोलीतून बाहेर सोडणार नाहीत. मला हे फार आवडलं. पडद्यावरच्या बापाने लेकीचं हत्यार केलं, पण खऱ्या घराने तिला लेकच राहू दिलं.

आमच्या मंडळातर्फे मुलींसाठी कराटेचा वर्ग चालतो. मागे एक गृहस्थ दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आले. "हिला असं तयार करा, की कुणाची मान वर करायची हिंमत होता कामा नये!" पोरगी दारातून बाहेर लंगडी खेळणाऱ्या मुलींकडे बघत होती. तेव्हा मी मुकाट्याने नाव लिहून घेतलं.

कराटे यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण आता वहीत नाव लिहिण्याआधी मी मुलीलाच विचारते, "तुला यायचंय का गं?" आणि वर्ग सुटल्यावर अर्धा तास लंगडीसाठी ठेवते.