चौदा अंकी क्रमांक आणि दुसरी प्रत

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये संगणक उघडेनात. केसपेपरची नोंदणी, रक्ततपासणीचे अहवाल, दाखल रुग्णांची माहिती, सगळेच ठप्प झाले. सायबर हल्ल्यात पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली होती. देशातले अग्रगण्य रुग्णालय त्यानंतर बरेच दिवस कागद-पेनावर चालले. चर्चा झाली ती हल्लेखोर कोण आणि खंडणी किती याची. पुढे संसदेत सरकारने दिलेल्या माहितीतला महत्त्वाचा भाग मात्र बाजूला राहिला. हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून रुग्णांची माहिती परत मिळवता आली होती.

‘एम्स’कडे दुसरी प्रत होती. भोर-वेल्ह्याच्या रुग्णाच्या नोंदीची दुसरी प्रत कुठे आहे?

हा प्रश्न संगणकवाल्यांचा वाटेल, पण तो उपचारांचा आहे. भातलावणीच्या दिवसांत पन्नाशीचा एखादा शेतकरी ताप, अंगदुखी आणि कमी झालेली लघवी घेऊन येतो. रक्तातले क्रिएटिनिन २.८ निघते. मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत, एवढे त्यावरून कळते. कधीपासून, हे कळत नाही. दोन वर्षांपूर्वी हाच आकडा ०.९ असेल तर इजा ताजी आहे. चिखलातून झालेला लेप्टोस्पायरोसिस, उलट्या-जुलाबांनी कमी झालेले पाणी किंवा वेदनाशामक गोळ्या, अशी कारणे शोधायची आणि वेळेत उपचार केले तर मूत्रपिंडे बहुतेक वेळा सावरतात. दोन वर्षांपूर्वी तो २.६ असेल तर आजार जुना आहे, सलाईन जपून द्यायचे, नाहीतर फुप्फुसात पाणी साचायचे. निर्णय मागच्या आकड्यावर ठरतो. तो आकडा कुठेतरी लिहिलेला असतो, पण सापडत नाही. मग रुग्णाला पुण्याला पाठवायचे आणि सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. केळद किंवा पासलीकडच्या कुटुंबासाठी याचा अर्थ गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि लावणीच्या ऐन भरात घरातली दोन माणसे कमी.

नोंदी साठवायच्या कशा आणि त्यापेक्षा शोधायच्या कशा, यावर सर्वाधिक डोके लढवले ते बँका, विमा कंपन्या, जनगणना खाती यांचे हिशेब ठेवणाऱ्या मेनफ्रेम संगणकांच्या कारागिरांनी. त्या इतिहासाच्या मुळाशी मात्र एक डॉक्टर आहे. अमेरिकी लष्करातले शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज जनगणनेतल्या जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचे काम पाहत होते. ही मोजणी यंत्राने व्हायला हवी, अशी कल्पना त्यांनी हर्मन हॉलेरिथ या तरुण अभियंत्यापुढे मांडली. हॉलेरिथने भोके पाडलेली कार्डे आणि ती मोजणारे यंत्र तयार केले, आणि १८९० ची अमेरिकी जनगणना त्यावर झाली. त्याची कंपनी पुढे आयबीएममध्ये सामावली. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला तेव्हा शास्त्रज्ञ कार्डांचे गठ्ठे घेऊनच जात.

कार्डांनंतर, १९५० च्या सुमारास, चुंबकीय फीत आली. हजारो कार्डांचा मजकूर एका रिळात मावू लागला, पण शेवटची नोंद हवी असेल तर सगळी फीत फिरवावी लागे. आमच्या रुग्णालयांतले बाह्यरुग्ण रजिस्टर अजून तसेच आहे. तारखेनुसार लिहिलेले. रुग्ण कोणत्या दिवशी आला हे त्यालाच आठवत नसेल तर पाने उलटत बसायचे. ही अडचण १९५६ मध्ये आयबीएमच्या ‘रॅमॅक’ने सोडवली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, त्यांवर पन्नास लाख अक्षरे, वजन सुमारे एक टन. आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो त्यात जेमतेम मावेल. मात्र हव्या त्या नोंदीवर थेट जाता येऊ लागले, आणि खरी क्रांती ती होती.

तबकड्या बिघडतात. म्हणून १९८८ मध्ये पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी एक मांडणी प्रसिद्ध केली: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक छोट्या स्वस्त डिस्क घ्या आणि माहिती त्यांच्यात अशी वाटा की एक बंद पडली तरी बाकीच्यांवरून ती पुन्हा उभी राहील. या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. १९९० मध्ये ईएमसी कंपनीने छोट्या डिस्क एकत्र बांधलेली ‘सिमेट्रिक्स’ ही साठवण थेट मेनफ्रेमसाठी बाजारात आणली आणि महाकाय तबकड्यांचा जमाना ओसरू लागला.

‘आमच्या सर्व्हरला रेड आहे, बॅकअपची काळजी नको’ हे वाक्य आता सरकारी कार्यालयांतही ऐकू येते. ते धोकादायक आहे. डिस्क मोडली तर रेड वाचवते. एखाद्याने चुकून नोंद पुसली किंवा हल्लेखोराने कुलूप लावले, तर ते सगळ्या डिस्कवर इमानेइतबारे उमटते. म्हणूनच मोठ्या संस्था आजही जुन्या फितीवर प्रत काढून ती यंत्राबाहेर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवतात. कपाटातल्या फितीपर्यंत कोणताही हॅकर पोहोचत नाही.

प्रत असून भागत नाही, ती वाचताही यावी लागते. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले रुमाल सुखरूप आहेत, वाचणारे थोडे. पुण्याहून एमआरआय करून आलेला रुग्ण सीडी पुढे करतो आणि ती घालायला संगणकात खाचच नसते. ईसीजीचा थर्मल कागद तर काही वर्षांत पांढरा पडतो. मेनफ्रेमच्या जगाने ही गोष्ट लवकर ओळखली. आयबीएमच्या १९६४ च्या ‘सिस्टीम ३६०’साठी लिहिलेले प्रोग्रॅम त्याच घराण्यातल्या आजच्या यंत्रांवरही चालू शकतात. आपल्याकडे राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली नोंदप्रणाली २०२२ मध्येच बंद झाली आणि पुन्हा कागद आला. तिथे हल्लेखोर नव्हता, कंत्राटाचा प्रश्न होता.

आता सगळी भिस्त ‘आभा’ या चौदा अंकी आरोग्य क्रमांकावर आहे. क्रमांक जरूर काढावा. कल्पना चांगली आहे. पण अनेकांचा, काही सहकाऱ्यांचाही, समज असा की क्रमांक काढला म्हणजे आपली सगळी कागदपत्रे दिल्लीत कुठेतरी सुरक्षित जमा झाली. तसे नाही. या योजनेत नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. क्रमांक फक्त तिचा पत्ता सांगतो. पत्त्यावरचे घरच पडले असेल तर पत्ता कितीही अचूक असून काय उपयोग? म्हणजे जबाबदारी फिरून पुन्हा तालुक्याच्या रुग्णालयावर येते, जिथे पावसाळ्यात वीज जाते, नेट जाते आणि संगणक बहुधा एकाच खोलीत असतो. भर म्हणून २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय झाला. नावाबद्दल तक्रार नाही, पण एकाच रुग्णाचा तालुका एका नोंदीत वेल्हे आणि दुसऱ्या नोंदीत राजगड असेल तर शोधणारे यंत्र त्याला दोन माणसे समजू शकते. जुन्या-नव्या नावांची सांगड आताच घालून ठेवायला हवी.

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. अष्टप्रधानांतल्या सचिवाचे काम राजपत्रे आणि हिशेब तपासून दप्तर चोख ठेवण्याचे. दप्तराला प्रधानाचा दर्जा देणारी ही परंपरा; आज मात्र तालुक्याच्या रुग्णालयात नोंदींची जबाबदारी नक्की कोणाची, हे विचारले तर उत्तराआधी शांतता पसरते. संगणक खरेदीला निधी मिळतो, त्याचे फोटोही निघतात. दुसऱ्या प्रतीसाठी वेगळी तरतूद क्वचितच दिसते.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक रुग्णालयाच्या नोंदींची एक प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी जावी आणि एक प्रत आठवड्याला यंत्रापासून तोडून कुलपात ठेवावी. त्यासाठी एका नावानिशी माणूस नेमावा. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून वीस रुग्णांच्या जुन्या नोंदी प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत तेव्हाच सापडेल. नोंदप्रणालीच्या कंत्राटात, पुरवठादार बदलला तर सगळी माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत देण्याची अट घालावी. आणि मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड, क्षय यांच्या रुग्णांना घरी जाताना शेवटचे आकडे साध्या कागदावर, शाईने लिहून द्यावेत. त्याला दोन मिनिटे लागतात. दीडशे रुग्णांच्या ओपीडीत ती काढायची कुठून, हा आमचाही प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जास्तीच्या एका लिपिकात आहे. यंदाच्या जिल्हा नियोजनात ते पद मागितले जाते की नाही, एवढे आधी पाहू.